हातचे तीन

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी
हडर्सफील्डच्या या जुन्या गिरणीत
(लोकर गेली, आता इथे आम्ही बसतो)
मी माणसांची बेरीज करते.

काम नगरपालिकेचं: कचरागाड्यांचं वेळापत्रक.
प्रश्न एकच, ‘या महिन्यात कसं वाटलं?’
एक ते दहा. नाव लिहायचं नाही.
सहा जणांत, मी धरून,
नाव न लिहून काय लपतं?
साडेसात देता येतील का, असं विचारणारा कॉलम.
रात्री पावणेबाराला येतं ते गुरिंदरचं, बाळ झोपल्यावरचं.
आणि शेऱ्याची चौकट कोरी ठेवून
नुसता आकडा टाकते, ती रोवेना.

ग्राहकाचा आकडा वेगळा येतो.
पालिकेच्या ऑल्ड्रॉइडबाई दर महिन्याला सात देतात.
गाड्या चुकल्या तेव्हा सात,
टेकडीवरच्या तीन गल्ल्यांचे हिरवे डबे
पंधरवडाभर उंबऱ्याशी कुजत राहिले तेव्हा सात,
सगळं घड्याळासारखं चाललं, तेव्हाही.
साहेबांना आठ हवे होते. बोनसची रेघ आठावर.
शेवटी मी विचारलंच, दहाला काय करावं लागेल?
बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
‘दहा मी आमच्या ह्यांनाही दिले नाहीत,
आणि ते गेले तेव्हा चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती.’
मग म्हणाल्या, ‘तुमचं काम वाईट नाही.’

वाईट नाही.
माझे वडील साताऱ्याहून फोनवर म्हणतात ‘बरंय’, तसं.
त्या बरंयमध्ये गुडघा असतो, पेन्शन असते,
मी कधी येणार हे न विचारणं असतं.
त्याला किती गुण द्यायचे
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रोवेनाचे तीन होते.
नोव्हेंबरात तीन, डिसेंबरात तीन, जानेवारीत तीन.
मी तिला कालव्याकाठी कॉफीला नेलं.
बदकांवर बोललो. बर्फ पडेल का, यावर बोललो.
तीन का, हे विचारता येत नव्हतं,
कारण तीन कुणाचे
हे मला ठाऊक नसायला हवं होतं.
तिनं कप रिकामा झाल्यावरही हातात धरून ठेवला,
बराच वेळ.
मग आम्ही परत आलो.

फेब्रुवारीत तिनं राजीनामा दिला.
तिच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट पडू लागला.

आणि आमची सरासरी
सहा पूर्णांक आठवरून
सात पूर्णांक सहावर गेली.
कुणाचाही आकडा हलला नव्हता.
आठ होते ते आठ, सात होते ते सात.
आलेखातला बाण हिरवा झाला,
बैठकीत लिंबाचा केक कापला,
साहेबांनी विचारलं, ‘काय केलंस नेमकं?’
मी म्हटलं, संवाद.
तोंडात केक होता, त्यामुळे बरं झालं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
मी कच्चं लागलेलं शीत
पळीतून हळूच बाजूला काढलं
आणि भात वाढला.

आज पुन्हा गुरुवार.
सगळे गेलेत, सफाईवाल्याचा व्हॅक्यूम जिन्यात आहे.
यंत्रावर विश्वास नाही असं नाही,
तरी पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं मांडते:
आठ, आठ, सात, सात, आठ.
त्यातला एक आठ माझा.
कशासाठी दिला होता, आठवत नाही.
बेरीज अडतीस.

चौथीतल्या सवयीनं
तोंडातून मोठ्यानं निघून जातं,
अडतिसाचे आठ,
हातचे तीन.